अतिथी जेथे विद्यार्थी होत : शांतिनिकेतनची शाळा आणि तिचे परदेशी पाहुणे

परदेशी पाहुणा शाळेत आला म्हणजे काय घडते, हे शिक्षणक्षेत्रात आयुष्य घालविलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रवेशद्वारी रांगोळी रेखली जाते, स्वागतगीताच्या तालमी होतात, मुले स्वच्छ गणवेशात रांगेने बसविली जातात. पाहुणा येतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो, आपल्या देशाविषयी चार शब्द बोलतो. कोणीतरी अडखळत त्याचा अनुवाद करतो, टाळ्या होतात आणि मोटार निघून जाते. प्रस्तुत लेखक ज्या शाळांत शिकला व पुढे ज्या शाळांत त्याने शिकविले, तेथे असे प्रसंग अनेकदा आले. त्या पाहुण्यांपैकी एकाचेही भाषण आज आठवत नाही. आठवतो तो एक वृद्ध पाहुणा, जो समारंभ आटोपल्यावर आमच्या शिपायाकडून फेटा बांधावयास शिकत बसला होता, आणि त्याच्याभोवती कोंडाळे करून त्याला सूचना देणारी तिसरी-चौथीतील मुले. त्या दिवशी त्या मुलांना त्या देशाची जी ओळख झाली, ती भूगोलाच्या पुस्तकाने कधी झाली नसती.

ही आठवण मनात बाळगून शांतिनिकेतनच्या शाळेचा इतिहास वाचू लागले, की त्यातील एक सूत्र सहज नजरेत भरते. विश्वभारती विद्यापीठाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या विद्यापीठाच्या आधी तेथे लहान मुलांची एक शाळा होती, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले पाहुणे प्रथम त्या मुलांच्या दृष्टीस पडत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. या लेखात त्या मुलांच्या बाजूने हा इतिहास पाहावा, असा विचार आहे.

बंगालच्या वीरभूम जिल्ह्यात बोलपूरजवळची ही माळरानाची जागा महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली घेतली. तांबड्या मातीच्या त्या ओसाड रानात सावलीला दोन सप्तपर्णीचे वृक्ष तेवढे होते. १८८८ साली त्यांनी या जागेचे विश्वस्तपत्र केले. तेथे निराकार ईश्वराची उपासना व्हावी, कोणत्याही धर्माची वा उपास्याची निंदा होऊ नये, वर्षातून एकदा मेळा भरावा आणि विद्यालय काढण्यास मोकळीक असावी, अशा त्याच्या अटी होत्या. शाळा प्रत्यक्ष निघाली ती २२ डिसेंबर १९०१ रोजी. विद्यार्थी होते पाच, आणि त्यांतील एक रवींद्रनाथांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. नाव होते ब्रह्मचर्याश्रम. पहाटे उठणे, झाडाखाली आसन टाकून शिकणे, अनवाणी राहणे असा प्राचीन तपोवनाच्या धर्तीचा क्रम. अशी शाळा जगाला पाठ फिरवून बसेल, असेच कोणालाही वाटले असते.

तथापि पहिल्याच वर्षी तेथे एक परदेशी मनुष्य येऊन राहिला. जपानी विद्वान ओकाकुरा काकुझो १९०२ च्या आरंभी कलकत्त्यास आले होते. त्यांच्या ओळखीने होरी शितोकू नावाचा एक तरुण बौद्ध भिक्षू शांतिनिकेतनात दाखल झाला. हा भिक्षू शिकवावयास आला नव्हता, शिकावयास आला होता. त्याला संस्कृत हवे होते. ज्या वयात मुले रूपे घोकतात, त्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून हा प्रौढ मनुष्य तीच भाषा शिकू लागला. पुढील वर्षीच त्याचा भारतात अकाली मृत्यू झाला. त्याच्या हातून काही मोठे कार्य घडले, असे म्हणता येत नाही. परंतु त्या शाळेतील मुलांनी पाहिलेला पहिला परदेशी अभ्यागत हा एक विद्यार्थी होता, ही गोष्ट पुढच्या चाळीस वर्षांचा स्वर लावून गेली, असे माझे मत आहे.

दुसरा जपानी आला १९०५ साली. सानो जिन्नोसुके त्याचे नाव. तो मुलांना जुजुत्सू शिकवावयास आला होता. वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केला होता आणि बंगालची फाळणी होऊन स्वदेशीची चळवळ पेटली होती. एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला नमविल्याचा आनंद साऱ्या बंगालभर होता. अशा काळात जपानी कुस्तीगीर गुरू मुलांना किती प्रिय झाला असेल, याची कल्पना सहज करता येते. पण सानोंचे वेगळेपण पुढे दिसते. आश्रमात राहता राहता ते बंगाली शिकले, आणि पुढे रवींद्रनाथांची ‘गोरा’ ही कादंबरी त्यांनी जपानी भाषेत नेली. मुलांना धोबीपछाड शिकविण्यासाठी आणलेला मनुष्य त्यांची भाषा घेऊन मायदेशी परतला.

याच ‘गोरा’चा इंग्रजी अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही अशाच एका शिक्षकाने केलेला होता. त्यांचे नाव विल्यम विनस्टन्ली पिअर्सन. मँचेस्टरकडचा हा इंग्रज गृहस्थ कलकत्त्याच्या एका मिशनरी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविण्यासाठी आला होता. १९१२ साली त्याने शांतिनिकेतन प्रथम पाहिले आणि १९१४ पासून तो तेथेच राहू लागला. दीनबंधू चार्ल्स अँड्रूज हेही त्याच सुमारास आले. अँड्रूजसाहेबांची कीर्ती मोठी. पण ते सदैव फिरतीवर. मुलांच्या वाट्याला अधिक आले ते पिअर्सनच. त्यांनी बंगाली आत्मसात केली. मुलांबरोबर ते जेवत, चांदण्या रात्री त्यांच्याबरोबर दूरवर भटकत. आश्रमाच्या कुंपणाबाहेर संथाळांची वस्ती होती; तेथे जाऊन शिकविण्याच्या कामात त्यांनी मोठ्या मुलांना सोबत घेतले. एका इंग्रजाच्या बोटाला धरून बंगाली भद्रलोकांची मुले आपल्याच शेजारच्या संथाळांच्या दारी प्रथम गेली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. परक्या संस्कृतीची ओळख म्हणजे सातासमुद्रापलीकडची ओळख, असे आपण धरून चालतो. पण आपल्या कुंपणापलीकडचा मनुष्य त्याहून परका असू शकतो.

पिअर्सननी १९१६ साली शाळेवर एक लहानसे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यात मुलांच्या हस्तलिखित मासिकांचे, नाटकांचे, मुलांनीच चालविलेल्या न्यायसभेचे वर्णन आहे. त्याच वर्षी ते कवींबरोबर जपानला गेले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा उघड कैवार घेणारे त्यांचे लेखन त्यांच्याच सरकारला रुचले नाही. १९१८ साली त्यांना पेकिंगमध्ये पकडून इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२१ साली ते आश्रमात परत आले. पण १९२३ मध्ये इटलीत आगगाडीतून पडून त्यांचा अंत झाला. वय अवघे बेचाळीस. त्यांच्या नावाचे रुग्णालय शांतिनिकेतनात उभे राहिले आणि संथाळांची ती वस्ती आजही पिअर्सनपल्ली म्हणून ओळखली जाते. इंग्रज म्हणजे राज्यकर्ता एवढेच ज्या काळी मुलांच्या कानी पडत होते, त्या काळी राज्यकर्त्यांनीच हद्दपार केलेला एक इंग्रज या मुलांचा गुरुजी होता. इंग्लंडविषयीचा याहून मोठा पाठ कोणता द्यावा?

याच पर्वातील आणखी एक प्रसंग विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे. १९१३ च्या अखेरीस अँड्रूज व पिअर्सन दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे गांधीजींचा सत्याग्रह शिगेला पोचला होता. त्या भेटीतून जुळलेल्या स्नेहाचे फळ असे, की गांधीजींनी आफ्रिका सोडली तेव्हा त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मुलांची सोय १९१४ च्या अखेरीस शांतिनिकेतनात झाली. ही मुले रक्ताने हिंदी. परंतु दुसऱ्या खंडात वाढलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी, आणि आपले अन्न आपण शिजविण्याची, आपला केर आपण काढण्याची त्यांना सवय लागलेली. मगनलाल गांधी त्यांच्याबरोबर होते. शांतिनिकेतनची मुले गाणारी, नाटके करणारी; त्यांच्यासाठी स्वयंपाकी व नोकर होते. एकाच आवारात दोन प्रकारची बालपणे समोरासमोर आली.

गांधीजी स्वतः १७ फेब्रुवारी १९१५ रोजी तेथे पोचले. थोड्याच दिवसांनी पुण्यात नामदार गोखल्यांचे देहावसान झाल्याची तार आली आणि ते तातडीने पुण्यास निघाले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी सुचविले, की शाळेच्या मुलांनी व शिक्षकांनी नोकरांवर विसंबून न राहता सारी कामे स्वतः करावीत. कवींनी संमती दिली. १० मार्चपासून प्रयोग सुरू झाला. कोणी भाजी निवडू लागले, कोणी पाकशाळा धुऊ लागले, कोणी कुदळ हाती घेतली. पिअर्सन त्यात सर्वांत पुढे. भांडी घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून काही विद्यार्थी त्यांच्यासमोर सतार वाजवीत बसत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. भांडी घासावयाची हे फिनिक्सचे आणि घासताना सतार असावी हे शांतिनिकेतनचे. दोन संस्कृतींचा मिलाफ याहून गोड रीतीने झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. या साऱ्याचे साक्षीदार होते साताऱ्यात जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. तेव्हा ते शांतिनिकेतनात शिकवीत होते. तेथेच त्यांची गांधीजींशी गाठ पडली आणि पुढे ‘काकासाहेब’ म्हणून सारा देश त्यांना ओळखू लागला. प्रयोग फार दिवस टिकला नाही. तरी १० मार्च हा दिवस ‘गांधी पुण्याह’ म्हणून तेथे पाळण्याची प्रथा पडली. त्या दिवशी नोकरवर्गाला सुटी आणि झाडलोट मुलांकडे.

१९१८ च्या डिसेंबरात विश्वभारतीची पायाभरणी झाली आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी ती विधिपूर्वक लोकार्पण करण्यात आली. सारे विश्व जेथे एका घरट्यात नांदते, या आशयाचे वैदिक वचन तिने ब्रीद म्हणून स्वीकारले. महायुद्धाने युरोप होरपळून निघाला होता. राष्ट्राभिमानाचे भयंकर रूप कवींनी पाहिले होते. त्यानंतर पाहुण्यांचा ओघ वाहू लागला तो थक्क करणारा आहे. पॅरिसचे प्राच्यविद्यापंडित सिल्व्हाँ लेव्ही हे पहिले अभ्यागत प्राध्यापक. त्यांनी चिनी व तिबेटी भाषांच्या अध्ययनाचा आरंभ केला, आणि साठीचे रवींद्रनाथ त्यांच्या व्याख्यानांना श्रोता म्हणून बसत. व्हिएन्नात शिकलेल्या स्टेला क्रामरिश यांनी कलेचा इतिहास शिकविला. फ्रेंच चित्रकर्ती आंद्रे कार्पलेस यांनी कलाभवनात हस्तकलांचे काम सुरू केले. इंग्रज शेतीतज्ज्ञ लिओनार्ड एल्महर्स्ट यांनी १९२२ मध्ये जवळच्या सुरूल गावी ग्रामसुधारणेचे केंद्र उभारले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. तेथील दवाखाना ग्रेचेन ग्रीन ही अमेरिकन बाई चालवीत असे.

१९२३ साली प्रागहून मॉरित्स विंटरनित्स आले. त्यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा दुसरा खंड बौद्ध व जैन साहित्याला वाहिलेला आहे, म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना त्यांचे नाव अपरिचित नसावे. त्या ग्रंथाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद करणाऱ्या शीलवतीबाई केतकर या आपल्या ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी. जन्माने त्या जर्मनभाषक ज्यू, पूर्वाश्रमीचे नाव ईडिथ कोहन; परदेशी पाहुणीची पुण्याची सून कशी होते, त्याचे हे उदाहरण. अर्थात हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. विंटरनित्सांचे शिष्य व्हिन्सेन्झ लेस्नी हेही शांतिनिकेतनात राहिले. त्यांनी बंगाली शिकून रवींद्रनाथांचे लेखन मूळ भाषेतून थेट चेक भाषेत नेले.

आता येथे एक शंका घ्यावयास हवी. लेव्हींचे तिबेटी व्याकरण किंवा विंटरनित्सांची पाठचिकित्सा दहा वर्षांच्या मुलाच्या काय कामाची? काहीही नाही. त्या वर्गांत लहान मुले बसत नव्हती, आणि विश्वभारती वाढू लागल्यावर शाळेकडे दुर्लक्ष झाले, ही तक्रारही निराधार म्हणता येणार नाही. परंतु शांतिनिकेतन हे लहानसे गाव होते. पंडित जेथे राहत तेथूनच मुलांची वाट जात असे. सायंकाळच्या सभेला, बुधवारच्या मंदिरातील उपासनेला, पौष मेळ्याला आणि नाटकाला सारे एकत्र येत. १९१० पासून २५ डिसेंबरला तेथे ख्रिस्तोत्सव होत असे. त्यामुळे फ्रान्स किंवा बोहेमिया हा नकाशावरचा रंग न राहता सकाळी झाडाखालून चालत जाणारा, बंगालीत चुका करणारा, उकाड्याने हैराण झालेला मनुष्य झाला. चुका करणारा, हे महत्त्वाचे. जो प्रौढ मनुष्य आपली भाषा शिकताना अडखळतो, त्याच्यापुढे मुलाला आपली अडखळ लपवावी लागत नाही.

लहानांशी प्रत्यक्ष संबंध आला तो श्लोमित फ्लाउम यांचा. लिथुआनियात जन्मलेल्या या ज्यू शिक्षिका पॅलेस्टाईनमध्ये बालवाड्यांचे काम करीत. अमेरिकेत त्यांची रवींद्रनाथांशी भेट झाली आणि १९२२ मध्ये त्या शांतिनिकेतनात येऊन सुमारे दोन वर्षे राहिल्या. मोठमोठ्या पंडितांच्या नामावळीत त्यांचे नाव बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. बालशिक्षिकेची ही उपेक्षा केवळ शांतिनिकेतनपुरती नाही, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

पाहुणे येत ते सारेच निर्मळ हेतूने धाडलेले नसत. १९२५ साली इटलीहून कार्लो फॉर्मिकी व तरुण ज्युसेप्पे तुच्ची आले. त्यांच्याबरोबर मुसोलिनीच्या सरकारने इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह भेट पाठविला होता. तुच्चींची विद्वत्ता वादातीत. चिनी, तिबेटी, संस्कृत या भाषांत त्यांची गती असाधारण. कवी भारावले आणि १९२६ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. तेथे त्यांनी उच्चारलेल्या सौजन्याच्या शब्दांचा फासिस्ट वृत्तपत्रांनी पुरेपूर लाभ उठविला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांनी व इटलीतून परागंदा झालेल्या माणसांनी वस्तुस्थिती सांगितली, तेव्हा कवींना आपली फसगत उमगली. अँड्रूजना लिहिलेले त्यांचे फासिझमचा धिक्कार करणारे पत्र ऑगस्टमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’ने छापले. इटलीच्या सरकारने या देवघेवीतून अंग काढून घेतले आणि तुच्चींना शांतिनिकेतन सोडावे लागले. संस्कृतीचा दूत आणि सत्तेचा दूत एकाच जहाजातून उतरू शकतात. यजमानाला दोघांतला भेद ओळखता आला पाहिजे, आणि रवींद्रनाथांसारख्या द्रष्ट्यालाही तो ओळखण्यास काही महिने लागले.

पैशाचा प्रश्नही कधी सुटला नाही. निजामाने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून इस्लामी विद्येचे अध्यासन निघाले. त्यावर हंगेरीचे ज्युलिअस गेर्मानुस १९२९ साली आले. त्यांच्या पत्नीने त्या वास्तव्यावर लिहिलेले पुस्तक हंगेरीत घरोघरी वाचले गेले. त्यात आश्रमातील युरोपीय मंडळींच्या आपसातील कुरबुरीही आहेत, आणि ते बरेच आहे. नाही तर ही सारी कथा देवळातील कथेसारखी गुळगुळीत वाटली असती.

त्याच वर्षी जपानहून शिंझो ताकागाकी आले. सानोंच्या जुजुत्सूनंतर चोवीस वर्षांनी आता ज्यूदो आला, आणि या खेपेस आखाड्यात मुलीही उतरल्या. बंगाली घरांतील मुलींनी पुरुष गुरूकडून झटापटीची विद्या शिकावी, ही १९२९ मध्ये लहान गोष्ट नव्हती. त्या मुलींत आचार्य क्षितिमोहन सेन यांची कन्या अमिता होती. १९३१ मध्ये कलकत्त्यात या विद्येची प्रात्यक्षिके झाली आणि त्यांसाठी कवींनी भीती झटकून टाकण्यास सांगणारे गीत रचले. कलकत्त्याने मात्र ताकागाकींना ठेवून घेण्याचा उत्साह दाखविला नाही. दोन वर्षांनी ते गेले. अशा गुरूवर केलेला खर्च वाया गेला, असे त्या काळी कोणास वाटले असेल. पण अमितादेवी वृद्धपणीही आपल्या ज्यूदोच्या आठवणी सांगत असत.

पाहुण्यांमध्ये देशांतर्गत परंपरांचे प्रतिनिधीही होते. मुनी जिनविजयजी हे मेवाडात जन्मलेले; पुण्याच्या भांडारकर संस्थेशी व नंतर अहमदाबादच्या पुरातत्त्व मंदिराशी त्यांचा निकटचा संबंध होता. काही काळ जर्मनीत राहून आल्यावर ते शांतिनिकेतनात गेले आणि कलकत्त्याचे दानशूर श्रावक बहादुरसिंहजी सिंघी यांच्या साह्याने तेथे सिंघी जैन ज्ञानपीठ सुरू झाले. मेरुतुंगाचार्यांचा ‘प्रबंधचिंतामणी’ हा सिंघी जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ १९३३ साली शांतिनिकेतनातूनच निघाला. चिनी, इराणी, तिबेटी विद्यांच्या शेजारी प्राकृताला व जैन आगमांना स्थान मिळाले. त्याच सुमारास इराणहून पूरे दाऊद हे विद्वान आले आणि अवेस्ता व प्राचीन इराण यांविषयी शिकवू लागले.

आता ज्या पाहुण्याविषयी सर्वाधिक सांगावयाचे आहे, त्याच्याकडे वळू. चीनच्या हूनान प्रांतातील तान युन-शान यांची रवींद्रनाथांशी १९२७ साली सिंगापुरात भेट झाली. पुढील वर्षी ते शांतिनिकेतनात चिनी शिकविण्यासाठी आले आणि स्वतः संस्कृत शिकू लागले. होरीचीच ही परंपरा. नंतर त्यांनी चीनमध्ये हिंडून पैसा व हजारो ग्रंथ जमविले आणि १४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली नववर्षदिनी, चीनभवन उघडले. उद्घाटनास पंडित नेहरू यावयाचे होते; आजारपणामुळे ते येऊ शकले नाहीत आणि त्यांचा संदेश तरुण इंदिरेने वाचून दाखविला. तान कुटुंब शांतिनिकेतनातच वाढले. त्यांची मुले आश्रमाच्या शाळेत गेली, बंगालीतून बोलली, भांडली, खेळली. वर्गात शेजारच्या आसनावर चिनी मूल बसलेले असताना चिनी संस्कृतीवर निराळ्या व्याख्यानाचे प्रयोजन उरत नाही.

आणि त्याच वर्षी, जुलैमध्ये, जपानने चीनवर आक्रमण केले.

ज्या शाळेने जपानी गुरूंना तीस वर्षांपूर्वीपासून मान दिला, तिच्यापुढे आता मोठा पेच उभा राहिला. जपानी कवी योने नोगुची १९३५ मध्ये शांतिनिकेतनात आले होते आणि त्यांचे प्रेमाने स्वागत झाले होते. १९३८ साली त्यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून जपानच्या युद्धाचे समर्थन केले. कवींचे उत्तर प्रसिद्ध आहे. मैत्री न तोडता, पण तिळमात्र आडपडदा न ठेवता, त्यांनी त्या युद्धाचा निषेध केला; जपानी जनतेवर आपले प्रेम आहे, म्हणूनच तिला विजय नव्हे तर पश्चात्ताप लाभावा, असा त्याचा आशय होता. तान यांच्या मुलांसह शिकणाऱ्या मुलांच्या कानी हे वारे गेले नसेल, असे मानता येत नाही. जपानी मनुष्य आणि जपानी सेना या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि तरीही सेनेच्या कृत्याविषयी मौन धरता येत नाही, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालणे कठीण. तो समोर घडावा लागतो.

दोन वर्षांत आणखी एक प्रसंग आला. ब्रेस्लाऊचे तरुण ज्यू अभ्यासक अ‍ॅलेक्स आरन्सन हिटलरच्या जर्मनीतून निसटून १९३७ मध्ये इंग्रजी शिकवावयास आले होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अटकेत टाकले. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीस लावले, तिचेच प्रजाजन म्हणून ही शिक्षा. वृद्ध कवींनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि काही काळाने आरन्सन आपल्या वर्गात परतले. याच सुमारास चिनी चित्रकार शू बेइहोंग तेथे राहत होते. म्हाताऱ्याने डोंगर हलविल्याच्या चिनी दंतकथेवरील त्यांचे विख्यात चित्र १९४० साली भारतात रंगविले गेले, आणि त्यातील कुदळ मारणाऱ्या काही आकृती हिंदी माणसे समोर ठेवून काढलेल्या आहेत. कथा चीनची, देह हिंदुस्थानचे.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. त्याच वर्षी ढाक्याहून एक सुमारे आठ वर्षांचा मुलगा या शाळेत दाखल झाला. ज्यूदो शिकलेल्या अमितादेवींचा हा मुलगा, अमर्त्य सेन. तान यांची मुले त्याचे बालमित्र. १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर लिहिलेल्या आत्मपरिचयात आणि पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी या शाळेचे ऋण मानले आहे. तेथे परीक्षेतील चढाओढीला फारसे महत्त्व नव्हते आणि भारताबरोबरच उर्वरित जगाकडेही लक्ष होते, हे त्यांना विशेष वाटते. त्यांच्यासारखी माणसे मोजून शाळेची थोरवी ठरविणे मला योग्य वाटत नाही. तेथे शिकून साधे आयुष्य जगलेली शेकडो मुले होती आणि त्यांनी काय घेतले हे कोणी लिहून ठेवले नाही. तसेच या साऱ्या विश्वकुटुंबात पिअर्सनपल्लीतील संथाळ मुले किती काळ आणि कितपत सामील होती, हा प्रश्नही विचारावयास हवा.

विश्वभारती १९५१ साली केंद्रीय विद्यापीठ झाली आणि शांतिनिकेतनाला २०२३ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. दरम्यान १९६२ चे चीनयुद्ध होऊन गेले. पंचवीस वर्षांपूर्वी जपानच्या बाबतीत आलेला प्रसंग आता चीनच्या बाबतीत आला. देशभर चिनी वंशाच्या माणसांकडे संशयाने पाहिले जात होते, कित्येकांना अटकेत टाकले गेले. तान युन-शान शांतिनिकेतनातच राहिले. १९८३ साली बोधगया येथे त्यांचा देहान्त झाला. अतिथी म्हणून आलेला मनुष्य पंचावन्न वर्षांनंतरही परत गेला नव्हता.

मराठी वाचकाला या वाटेने गेलेला एक पांथस्थ चांगला ठाऊक आहे. नाटके, चित्रपट, संगीत, व्यक्तिचित्रे या सर्वांत यश मिळवून झाल्यावर पु. ल. देशपांडे वयाच्या पन्नाशीत, १९७० च्या सुमारास, शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्यांना तेथे कोणी व्याख्यानाला बोलाविले असते तर सभा ओसंडून वाहिली असती. ते गेले होते बंगाली शिकावयास. ‘वंगचित्रे’ या पुस्तकात त्या मुक्कामाची हकीकत आहे. होरी शितोकू त्या तांबड्या मातीवर आसन टाकून बसला, त्यानंतर सात दशकांनी आणखी एक प्रौढ परदेशस्थ तेथे अक्षरे गिरवीत होता. एवढेच की त्याचा देश महाराष्ट्र होता.